कोणाचंच नसलेलं अंग

माझ्या सगळ्या राण्या गुडघाभर गवतात उभ्या असायच्या. त्यात निसर्गप्रेम काही नव्हतं. मला पावलं काढता येत नव्हती. हातांची बोटं त्याहून अवघड, म्हणून राण्यांना लांब बाह्यांचे झगे आणि राक्षसांना हात पाठीमागे बांधून उभं राहायची सवय मी लावून टाकली होती. शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे असायचे बिचारे. पंख मात्र मी झकास काढायचे, शिंगं काढायचे, आणि डोळे तर विचारूच नका. नेरहून यवतमाळकडे निघालं की लागणाऱ्या आमच्या गावात असलं काही काढणारं दुसरं कोणी नव्हतं. वासरात लंगडी गाय शहाणी, या न्यायानं मी मोठी कलावंत होते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी मोबाइलवरच्या एका ग्रुपात शिरले. तिथं देशोदेशीचे लोक आपापल्या पऱ्या, यक्ष, शिंगवाले योद्धे टाकायचे आणि एकमेकांना सल्ले द्यायचे. मी माझा सगळ्यात लाडका राक्षस टाकला आणि कौतुकाची वाट पाहत बसले. कौतुक आलं नाही. कुठल्याशा देशातल्या कुणा माणसानं दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या मी मोबाइलकडूनच मराठीत करून घेतल्या. चेहरा चांगला आहे, पण अंगात हाडं नाहीत. आणि उजेड चारी बाजूंनी येतो आहे, म्हणजे तो कुठूनच येत नाही.

असा राग आला की त्याच्या देशात जाऊन भांडावं. देश सापडेना म्हणून आईशी भांडले, मग गोठ्यातल्या शेळीशी. राग ओसरल्यावर जुनी चित्रं काढून पाहिली तर मेला खरं बोलत होता. माझ्या वीरांचे दंड म्हणजे कापूस कोंबलेल्या उशा. कोपर कुठंही, गुडघा कुठंही. सावली म्हणून मी पेन्सिलीची पूड बोटानं कडेकडेनं घासायचे, त्यामुळे सगळे कसे चुलीत निजून उठलेल्या मांजरासारखे दिसत होते. हे आपलं आपल्याला शिकता येणार नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

नागपूरला असल्या चित्रांचा क्लास होता. शरीर कसं बांधलेलं असतं, उजेड-सावली कशी पडते, सगळं मुळापासून शिकवायचे, आणि नवी बॅच दिवाळीनंतर होती. मी घरी विषय काढला. आई म्हणाली, जाऊ द्या तिला. बाबा म्हणाले, "राक्षस काढून कोनाचं पोट भरलं?" मी जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं. शेवटी बाबा जरा खाली आले. "गावानं एक डाव म्हनलं पाहिजे का पोरीले येते. तोंडानं म्हनलं पाहिजे. मंग जाजो नागपूरले."

गाव काय म्हणेल याची बाबांना इतकी काळजी का, ते सांगायला हवं. बाबा आमचे काटकुळे. काटकुळे हा शब्दही जरा अंगानं भरलेला वाटावा, इतके. गावात त्यांना पऱ्हाटी म्हणत. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती वाळकी पऱ्हाटी. वरातीत घोड्यावर बसले तेव्हा कुणीतरी "घोड्यावर कपडे कोनं वाळू घातले?" असं विचारलं होतं आणि गाव ते अजून सांगतं. बाबा हसून घ्यायचे. पण मे महिन्यातही शर्टाखाली दोन बनियन घालायचे, अंगाला तेवढीच भर. गावातली बाकी पुरुषमंडळी सकाळी पाण्याच्या टाकीखाली टॉवेल गुंडाळून खुशाल आंघोळ करतात. बाबा तिकडे कधी फिरकले नाहीत. त्यांची आंघोळ घरी, पत्र्याचं दार लावून. त्यांचं उघडं अंग आईखेरीज कोणी पाहिलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्या वर्षी नवरात्राआधी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांची झोप उडाली होती. शेजारच्या गावच्या मंडळानं विजेवर मान हलवणारा सिंह आणायचं ठरवलं होतं. आमच्याकडे काय, तर दरवर्षीची मूर्ती, आणि तिच्या पायाखालचा राक्षस असा गोबऱ्या गालांचा की बायका पाया पडून झाल्यावर त्याचा गालगुच्चा घ्यायच्या. अध्यक्षांनी ठरवलं की यंदा मंडपाच्या दाराशी प्लायवूडचा आठ फुटी राक्षस उभा करायचा. गुडघ्यावर पडलेला, छातीत त्रिशूल, एक हात वर. पण नवरात्रात यवतमाळचा एकही पेंटर रिकामा सापडत नाही. आईला हे कळलं तशी ती तडक अध्यक्षांच्या कृषी केंद्रात गेली आणि खतांच्या पोत्यांमध्ये उभी राहून माझं नाव सुचवून आली. मला येऊन एवढंच म्हणाली, "घे. आता गावाच्या तोंडून वदव."

हाडं हवी होती, तर हाडांची माणसं पाहायला हवी होती. मी सकाळचं पाणी भरायचं काम आपण होऊन अंगावर घेतलं. टाकीजवळ बायकांची रांग एका बाजूला आणि पुरुषांच्या आंघोळी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मी, बादली घेऊन, डोळे उघडे ठेवून. ऊन पूर्वेकडून यायचं. एका अंगावर लख्ख उजेड, दुसऱ्या अंगावर सावली. उजेड एकाच बाजूनं येतो म्हणजे काय, ते मला ओल्या पाठींनी शिकवलं. किराणा दुकानदाराची मान दोन घड्यांची होती. दूधवाल्याच्या पिंढऱ्या सायकलीनं अशा घडवल्या होत्या की चालताना आत काहीतरी वरखाली सरकायचं. आणि अध्यक्षांचं पोट! ते सरळ पुढं येत नव्हतं, जरा डावीकडे कलून मग खाली उतरायचं, आणि त्याच्याखाली अशी सुंदर सावली पडायची की मी दोनदा बादली भरून वाहू दिली. मी घरी येऊन आठवेल तसं काढायचे आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तपासायचे.

व्हायचं तेच झालं. एका बाईनं आईला गाठलं. "तुही पोट्टी मानसाईकडं टक लावून पाहून राह्यली. लक्ष ठेव माय." आई तणतणत आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. "काय पाहत राह्यते व तू?" मी कागद पुढं केले. आईनं वरचा कागद उचलला, निरखला, आणि तिचा चेहरा बदलला. "अवं माय! हे त कृषी केंद्र हाय!" नुसतं पोट होतं, वर मान नाही, डोकं नाही. आई हसत हसत खाली बसली, मग उंबऱ्याला टेकली, मग पदरानं डोळे पुसू लागली. त्यानंतर ती स्वतःच मला सकाळी हलवून उठवायची, उशीर झाला तर दूधवाला आटपून जाईल म्हणून.

राक्षस मी समाजमंदिरात काढला. तुरीच्या जळक्या काड्यांनी रेखाटन, वर डिस्टेंपर, आणि सावल्यांसाठी गादीतला स्पंज. दुकानदाराची मान, दूधवाल्याच्या पिंढऱ्या, मधोमध ते पोट. पहिल्यांदा माझ्या चित्रातल्या माणसाला वजन आलं होतं. मी इतकी खूश होते की एक साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. ही अंगं मी एकटीनं पाहिलेली नव्हती. अख्खं गाव ती रोज सकाळी पाहत होतं.

मंडळाच्या समितीला दाखवायच्या दिवशी वीस-पंचवीस माणसं जमली. चादर काढली. सगळे पुढं सरकून पाहू लागले. मला वाटलं, भारावले. मग पुढं बसलेली एक म्हातारी जरा वाकली आणि म्हणाली, "हे पोट त आपल्या अध्यक्षाचं हाय."

अध्यक्षांनी प्लायवूडकडे पाहिलं, मग खाली स्वतःकडे पाहिलं, मग परत प्लायवूडकडे. त्यानंतर कोणाला धरवेना. "मान दुकानवाल्याची!" "पिंढऱ्या पाह्यल्या का बे दूधवाल्याच्या?" लोक ओळखायची शर्यत लावून बसले. दूधवाला तर पँट वर करून पडताळणी द्यायला उभा राहिला. दुकानदारालाही राग नव्हता. राग होता तो फक्त एकाला, आणि प्लायवूड त्याच्या खर्चानं आलेलं होतं.

"देवीच्या पायाखाली मी? माह्या छातीत तिरसूल?" अध्यक्ष थरथरत होते आणि पोटही. "कोनाचंच नसलं पाहिजे असं आंग काढ. गावातलं एकबी मानूस ओळखू नाही आलं पाहिजे. नाही त मी यवतमाळवरून बॅनर छापून आनतो."

म्हणजे सावली नीट जमली, म्हणूनच मी बुडाले. जुना उशांचा राक्षस काढला असता तर कोणी ओळखला नसता. घरी जाऊन मी भांडी आपटली. मग कोणाचंच नसलेलं अंग मोबाइलवर शोधलं. तिथं अशी अंगं ढिगानं होती: रुंद छाती, पोटावर विटा रचल्यासारखे सहा चौकोन, कुठं एक केस नाही. ते मी कागदावर उतरवलं आणि आईला दाखवलं. आईनं बराच वेळ पाहिलं. "याले काहून मारून राह्यली देवी? याचं त लगन लावून द्याव." तिचं बरोबर होतं. त्या राक्षसाच्या छातीत त्रिशूल पाहून गावातल्या पोरी देवीवरच नाराज झाल्या असत्या.

रात्री जेवताना मी हे सगळं रडत-चिडत सांगितलं. ज्याला हाडं आहेत ते अंग कोणाचं तरी असतंच, आणि कोणाचंच नसलेलं अंग काढलं की त्यात जीव येत नाही. अध्यक्ष बॅनर आणणार आणि मी नागपूरला नाही, शेळीजवळ म्हातारी होणार. बाबा खाली मान घालून भाकर मोडत होते. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात होते. बाबा आत आले, एक दार लावून घेतलं, दुसरं अर्धवट उघडं ठेवलं. "माह्यं आंग गावात कोनी पाह्यलं नाही," ते म्हणाले. "म्हनजे ते कोनाचंच नाही."

मला हसू आलं आणि त्यांच्याकडे पाहून जागच्या जागी विरलं. त्यांची बोटं शर्टाच्या बटणांवर अडखळत होती. शर्ट निघाला, एक बनियन निघालं, मग दुसरं. "पाहून घे लवकर," ते म्हणाले आणि भिंतीकडे पाहू लागले. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि लगेच हावही सुटली. कारण माझ्यापुढं उभं होतं ते सगळं मी इतके महिने शोधत होते. एकही हाड लपलेलं नव्हतं. गळ्याखालच्या खळग्यात सावली साठली होती. बरगड्या एकीखाली एक उतरत होत्या आणि दाराकडून येणारा उजेड प्रत्येकीवर थोडा थोडा थांबत होता.

"बाबा, हात वर करा."

"कोनता?"

"ज्यानं त्रिशूल अडवाल तो."

त्यांनी गोठा झाडायचा कुंचा त्रिशूल समजून हातात धरला आणि गुडघ्यावर बसले. हात वर गेला तसं पाठीवरचं खांद्याचं हाड सरकून बाजूला आलं. मी जन्मात एवढं मोठ्यांदा ओरडले नसेन. खांदा नुसता लटकवलेला नसतो, तो पाठीवर फिरतो! मी त्यांना दहा वेळा हात वर-खाली करायला लावला. मग तळवा फिरवायला लावला, तर मनगटाजवळची दोन हाडं एकमेकांवर वळली. सावलीचं गुपितही तिथंच कळलं. सगळ्यात गडद काळोख अंगाच्या कडेला नव्हताच, जरा आत होता. कडेला भिंतीच्या चुन्यावरून परतलेला मंद उजेड लागत होता. मी आजवर कडाच काळ्या करत आले होते.

शेळीला बाबांचा टॉवेल आवडला. ती एका टोकाला लागली, बाबा दुसरं टोक धरून बसले, आणि मी "हलू नका" म्हणून ओरडत होते. "मी नाही हालून राह्यलो, हे हालवून राह्यली!" आई दाराबाहेर तूर निवडायच्या निमित्तानं पहारा देत होती आणि तिच्या हसण्याचा आवाज आत येत होता. चार दुपारी अशा गेल्या. शेवटच्या दिवशी बाबांनी शर्टाची बटणं लावली आणि माझ्याकडून शपथ घेतली. "कोनाले सांगायचं नाही. माह्या गळ्याची आन."

राक्षस उभा राहिला. काळानिळा, वाळका, आठ फूट उंच. पोट पाठीला लागलेलं, बरगड्या भात्यासारख्या फुगलेल्या, वर उचललेल्या हाताची एकेक शीर ताणलेली. पहिल्याच संध्याकाळी एका बाईनं कडेवरच्या पोराचे डोळे झाकले. अध्यक्ष स्वतः फीत कापायला आले आणि दोन पावलं मागं सरले. शेजारच्या गावचे लोक सिंहाची मान हलती ठेवून आमच्याकडे आले. बाबा रोज संध्याकाळी मंडपाच्या खांबाला टेकून उभे राहत. कोण किती घाबरलं ते मोजत असावेत. घरी आले की आईला हळूच म्हणत, "आज बाहेरगावचा एक पयलवान दचकला."

पण गाव ते गाव. पुन्हा ओळखायची शर्यत लागली आणि या वेळी कोणालाच काही सापडेना. मान कोणाची, बरगड्या कोणाच्या? तासभर वाद झाले आणि शेवटी निकाल लागला: पोट्टीनं मोबाइलवरून छापून घेतला. पहिला राक्षस हातचा होता, तो ओळखू आला. हा ओळखू येत नाही म्हणजे नक्की उचललेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तोंड उघडलं तर बाबांच्या गळ्याची आन. मी दातांवर दात ठेवून प्रसाद वाटत फिरत होते.

नवमीच्या संध्याकाळी आरती झाली आणि अध्यक्षांनी माइक हातात घेतला. मंडळाची कामं सांगता सांगता राक्षसावर आले. "आता हे काही पोरीनं सोता काढलेलं नाही, उतरवलेलंच हाय, पन मेहनत हाय, मेहनतीले मानलं पाहिजे." लोकांनी माना डोलावल्या. मी हातातली परात खाली ठेवली. संपलं होतं. गावानं तोंडानं म्हटलं होतं, पण उलटं.

"उतरवलेलं नाही," खांबाजवळून आवाज आला.

बाबा पुढं आले. भरल्या मंडपात त्यांना एवढं मोठ्यानं बोलताना मी ऐकलेलं नव्हतं. "ते आंग माह्यं हाय."

आधी हशा पिकला. पऱ्हाटी आणि हा राक्षस! कुणीतरी म्हणालं, "तुमी जेवले का आज?" बाबांनी ते ऐकलं. मग त्यांनी शर्टाचं पहिलं बटण काढलं. दुसरं काढलं. शर्ट माझ्या हातात दिला, बनियन दिलं, आणि खाली आणखी एक बनियन निघालं तेव्हा हसू पुन्हा उसळलं; तेही त्यांनी डोक्यावरून काढलं. मग ते राक्षसाशेजारी गेले, गुडघ्यावर बसले आणि हात वर केला.

पाठीवरचं हाड सरकलं. बरगड्या उघडल्या. वर राक्षस आणि खाली बाबा, हाडाला हाड, खळग्याला खळगा. मंडपात कोणी हसेना. पुढच्या रांगेतल्या एका लहान पोरीनं बाबांकडे पाहून भोकाड पसरलं आणि बाबांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की विचारता सोय नाही.

अध्यक्षांचं पोट ओळखणारी ती म्हातारी उठली. आधी वर पाहिलं, मग खाली. "बापा बापा! जसंच्या तसं काढलं व पोरीनं! हिले येते हो!"

"येते," अध्यक्ष माइकमध्येच बोलून गेले, आणि ते अख्ख्या गावाला ऐकू गेलं.

"मंग?" बाबा अजून गुडघ्यावरच होते, हात वरच होता. "दिवाळी झाली का नागपूरले शिकाले पाठवून राह्यलो तिले."

मी रडले. शर्ट आणि दोन बनियन छातीशी धरून, गावासमोर, नाक ओढत रडले. मला बाबांचा इतका अभिमान वाटला की त्यांच्याकडे पाहवेना. आई गर्दीतून वाट काढत आली आणि मला कोपरानं ढोसलं. "रडतं कायले व? त्याईले आधी शर्ट दे. हवा लागून राह्यली."